हॉलमधलं होम थिएटर: आधी जागा, मग सेटिंग

होम थिएटर घेतलेल्या बऱ्याच घरांत तीनच तक्रारी ऐकू येतात. सिनेमातले संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच प्रसंगात खिडकीच्या काचा थरथरतात. गाणं लावलं की तबल्याचा डग्गा वेगळा ऐकू न येता नुसता एकसुरी ‘घूं’ येत राहतो. आणि सोफ्याच्या एका टोकाला बेस, म्हणजे खालचे जड सूर, छाती दाबतो, तर दुसऱ्या टोकाला जवळजवळ नसतोच. यावर उपाय म्हणून मोठा सबवूफर (फक्त बेस वाजवणारा स्पीकर) किंवा महाग रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) सुचवला जातो. पण या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा स्पीकर कुठे ठेवलेत, माणूस कुठे बसतो आणि रिसीव्हरमधली चार-पाच सेटिंग कशी आहेत, यात असतं. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत. एक सुटीचा दिवस आणि मोजपट्टी पुरते.

बोलायला सोपं जावं म्हणून एक हॉल धरू. १५ फूट लांब, १० फूट रुंद, छत साडेनऊ फुटांवर. विटा-काँक्रीटच्या भिंती, खाली टाइल, एका बाजूला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार. टीव्ही १० फुटांच्या भिंतीवर, सोफा समोर. संच ५.१ म्हणजे पुढे डावा, उजवा आणि मधला सेंटर, बाजूला दोन सराउंड आणि एक सबवूफर. आपल्याकडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये साधारण असाच हॉल असतो.

खोली बेसचं काय करते

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्या हिशेबाने १००० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १००० कंपनांची, लहर फुटाहून किंचित मोठी असते, पण ५० हर्ट्झची लहर जवळजवळ सात मीटर, म्हणजे आपल्या हॉलपेक्षाही लांब. अशी लहर समोरच्या भिंतीवर आपटून परत येते आणि येणाऱ्या लहरीत मिसळते. काही ठिकाणी दोन्ही मिळून आवाज फुगतो, काही ठिकाणी एकमेकींना खोडून खड्डा पडतो. हे कुठल्या वारंवारतेला होईल, ते खोलीची मापं ठरवतात. गणित अगदी सोपं आहे: ३४३ ला त्या बाजूच्या लांबीच्या दुपटीने भागायचं, लांबी मीटरमध्ये.

१५ फूट म्हणजे ४.५७ मीटर. त्यातून ३७.५ हर्ट्झ येतात आणि त्याची दुप्पट ७५. १० फुटांच्या रुंदीतून ५६ आणि साडेनऊ फुटांच्या उंचीतून ५९. हे ५६ आणि ५९ शेजारी-शेजारी आले, म्हणून असा हॉल या पट्ट्यात विशेष घुमतो. तुमच्या हॉलचे आकडे काढायला दोन मिनिटं लागतील. हॉल एका बाजूने डायनिंगला किंवा पॅसेजला उघडा असेल तर आकडे इतके नेमके बसत नाहीत, पण अंदाज येतो.

प्रत्येक फुगवट्याला ठरावीक जागा असते. ३७.५ हर्ट्झ टीव्हीच्या भिंतीशी आणि मागच्या भिंतीशी जोरात ऐकू येतो. बरोबर मध्ये, साडेसात फुटांवर, तो गायब होतो. ७५ हर्ट्झ दोन्ही भिंतींशी आणि मध्यावर जोरात असतो, पण टीव्हीच्या भिंतीपासून पावणेचार आणि सव्वाअकरा फुटांवर त्याचा खड्डा असतो. एकाच खोलीत फुगवटा आणि खड्डा यांत दहा-पंधरा डेसिबलचा फरक सहज पडतो, आणि दहा डेसिबल म्हणजे कानाला जवळजवळ दुप्पट आवाज.

परदेशी व्हिडिओंमधल्या सल्ल्यांत इथे एक फरक राहून जातो. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकून केलेल्या असतात. त्या स्वतःच थोड्या हलतात आणि बेसचा काही भाग गिळतात. आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती जवळजवळ सगळा बेस परत पाठवतात. त्यामुळे आपले फुगवटे जास्त टोकदार आणि खड्डे जास्त खोल. भिंतीला इंचभर फोम चिकटवून यात काही होत नाही, कारण ५० हर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्सादेखील पावणेदोन मीटर असतो. अंड्यांचे ट्रे आणि थर्मोकोल तर कशालाच उपयोगी नाहीत. गालिचा, जाड पडदे, पुस्तकांचं कपाट हे सगळं हवंच, पण ते वरच्या पट्ट्यासाठी, म्हणजे टाळी वाजवली की येणारी खणखणीत फडफड मारण्यासाठी. टाइल्सवर सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये एक जाड गालिचा टाकला तरी संवाद लगेच मोकळे होतात. बेसवरचे उपाय तीनच: बसायची जागा, सबची (सबवूफरची) जागा आणि शेवटी इक्वलायझर, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करायची सोय. याच क्रमाने.

सोफा

मागच्या भिंतीला टेकलेला सोफा ही बेस बिघडण्याची सर्वांत वाईट जागा, कारण लांबीच्या दिशेचे सगळे फुगवटे तिथे एकत्र येतात. आपल्या हॉलमध्ये सोफ्यामागे डायनिंग टेबल असेल तर डोकं टीव्हीच्या भिंतीपासून १० फुटांवर आणता येतं. खोलीच्या लांबीच्या दोन-तृतीयांशावरची ही जागा उत्तम, कारण ३७.५ आणि ७५ दोन्ही इथे मध्यम पातळीवर असतात. तेवढी जागा नसेल तर सोफ्याची पाठ भिंतीपासून सव्वा-दीड फूट पुढे ओढा. डोकं साधारण पावणेतेरा फुटांवर येईल. तिथे फुगवटा आहे, पण भिंतीइतका नाही, आणि फुगवटा इक्वलायझरने कापता येतो. सव्वाअकरा फुटांची जागा मात्र टाळा, तिथे ७५ चा खड्डा आहे. खड्डा इक्वलायझरने भरत नाही. दहा डेसिबल वाढवायचे तर ॲम्प्लिफायरला दहापट शक्ती लागते, आणि लहरी एकमेकींना खोडतच राहतात. सब तापतो, आवाज फाटतो, खड्डा तसाच राहतो.

पुढचे तीन स्पीकर

डावा आणि उजवा स्पीकर ऐकणाऱ्याच्या समोरच्या सरळ रेषेपासून २२ ते ३० अंशांवर हवेत. संगीतासाठी ३० अंश, म्हणजे दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण, सर्वांत चांगला. आपल्या १० फुटी भिंतीवर बाजूच्या भिंतींपासून एकेक फूट सोडलं तर स्पीकरमध्ये आठ फूट अंतर मिळतं. स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे आणि डोकं १० फुटांवर असेल तर कोन २५ अंश येतो, झकास. डोकं पावणेतेरा फुटांवर असेल तर २० अंशांच्या आत-बाहेर. थोडा अरुंद, पण चालतो. ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा घुमट) कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून तीन ते साडेतीन फुटांवर. स्पीकरची तोंडं थोडी आत, सोफ्याकडे वळवा. किती वळवायची ते एकट्या गायकाच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर ठरवा: आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, रिकाम्या जागेतून आल्यासारखा वाटला की थांबायचं.

‘स्पीकर भिंतीपासून लांब ओढा’ हा सल्ला सगळीकडे दिला जातो, पण सबवूफर असलेल्या छोट्या हॉलमध्ये तो अर्धवट आहे. स्पीकरचा बेस मागच्या भिंतीवरून परत येतो आणि एका वारंवारतेला मूळ आवाजाला खोडतो. ती वारंवारता म्हणजे ३४३ भागिले भिंतीपर्यंतच्या अंतराची चौपट. स्पीकरच्या तोंडापासून भिंत दोन फूट असेल तर खड्डा १४० हर्ट्झच्या आसपास, चार फुटांवर ७० हर्ट्झच्या आसपास. हाच तर पुरुषी आवाजाच्या आणि डग्ग्याच्या भरीवपणाचा पट्टा. म्हणून दोन ते चार फुटांच्या मधली जागा टाळावी. दीड फुटाच्या आत ठेवलं तर खड्डा वर सरकतो आणि तिथे गालिचा, पडदे, फर्निचर त्याला थोडं बोथट करतात. मागे पोर्ट (हवा जाण्या-येण्याचं भोक) असलेल्या स्पीकरला मात्र सहा-आठ इंच मोकळे हवेतच.

सिनेमातले बहुतेक सगळे संवाद सेंटरमधून येतात, आणि आपल्याकडे याच स्पीकरचे सर्वाधिक हाल होतात. टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, आत ढकललेला, वर-खाली फळ्या. फळीवरून परतणारा आवाज शब्दांना चिकटतो आणि ‘त’, ‘थ’, ‘स’ पुसट होतात. सेंटर फळीच्या अगदी पुढच्या कडेपर्यंत ओढा, किंचित बाहेर आला तरी हरकत नाही. खाली रबराची पाचर लावून तोंड कानाकडे उचला. एवढ्यानेही संवाद सुधारले नाहीत तर रिसीव्हरमध्ये सेंटरची पातळी दोन डेसिबल वाढवा. छताचा पंखा पूर्ण वेगात असेल तर हळू बोललेलं काहीही ऐकू येणार नाही, हेही लक्षात असू द्या. आणि सेंटरला धड जागाच नसेल, बघणारे एक-दोघंच असतील, तर तो काढून रिसीव्हरमध्ये सेंटर ‘नन’ (नाही) करावा. संवाद डाव्या-उजव्यातून मिळून मध्ये ऐकू येतात, आणि कप्प्यात कोंडलेल्या सेंटरपेक्षा ते नक्की बरं.

सराउंड ५.१ मध्ये समोरच्या रेषेपासून ११० ते १२० अंशांवर, म्हणजे बाजूला आणि जरासे मागे, कानापेक्षा एक-दीड फूट वर. सोफा मागे असेल तर डोक्याच्या रेषेपासून फूटभर मागे बाजूच्या भिंतीवर लावा. बाल्कनीच्या दाराची बाजू असेल तर स्टँड. दोन्ही सराउंड मागच्या भिंतीवर डोक्याला लागून टांगू नका, सगळा सिनेमा तिथूनच चालल्यासारखा वाटतो.

वायर आणि जोडणी

स्पीकर आठ ओहमचा आणि अंतर दहा मीटरपर्यंत असेल तर १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. जाऊन-येऊन वीस मीटर तारेचा रोध पाव ओहमच्या आतच राहतो. स्पीकर चार ओहमचा किंवा अंतर त्याहून जास्त असेल तर २.५. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, स्वस्त ‘स्पीकर वायर’ घेताना एक धागा ब्लेडने खरवडून बघा. आतून चंदेरी निघाला तर ते ॲल्युमिनियमवर चढवलेलं तांबं. त्याचा रोध जास्त असतो आणि टोकं लवकर खराब होतात. घ्यायचीच झाली तर एक माप जाड घ्या.

प्लस-मायनस सगळीकडे सारखं जोडलंय का ते प्रत्येक स्पीकरला तपासा. पुढच्या दोनपैकी एक उलटा लागला तर बेस नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज मधे न राहता खोलीभर पसरतो. शंका असेल तर रिसीव्हरपासून वायर सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. प्लस प्लसला असेल तर वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा) शंकूसारखा पडदा बाहेर उसळतो, उलटं असेल तर आत जातो.

टीव्हीतल्या ॲपचा आवाज रिसीव्हरला द्यायचा असेल तर दोन्हीकडच्या ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय सॉकेटमध्येच केबल लावा, टीव्हीत सीईसी (एचडीएमआयने उपकरणं एकमेकांना चालवण्याची सेटिंग) चालू करा आणि ध्वनी ‘पीसीएम’ऐवजी ‘पास-थ्रू’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ ठेवा. ‘पीसीएम’ राहिलं तर बऱ्याच टीव्हींवर ५.१ चं निमूटपणे स्टिरिओ होतं. ऑप्टिकल केबलनेही साधं डॉल्बी ५.१ जातं, पण ॲटमॉस (वरूनही आवाज येणारा डॉल्बीचा प्रकार) जात नाही.

खरेदीबद्दल एवढंच: खोक्यावरचा पीएमपीओचा (क्षणभराच्या फुगवलेल्या शक्तीचा) आकडा पाहूच नका, आरएमएस (सलग देता येणारे) वॉट विचारा. आणि वॉट दुप्पट झाले तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. १०० वॉटच्या जागी १२० वॉट घेऊन कानाला काही कळत नाही.

सबवूफरची जागा

सब कोपऱ्यात ठेवला की खोलीचे सगळे फुगवटे एकदम जागे होतात. आवाज भरपूर मिळतो आणि लहान सबला तो आधार वाटतो, पण असमानपणाही सर्वाधिक. आपल्या हॉलमध्ये टीव्हीच्या भिंतीच्या मध्याजवळ, युनिटला लागून ठेवला तर रुंदीचा ५६ हर्ट्झचा फुगवटा जवळजवळ उठतच नाही, कारण त्याची शांत जागा बरोबर तिथे आहे. याचा फायदा सोफ्याच्या दोन्ही टोकांना बसणाऱ्यांना होतो. लांबीचा ३७.५ चा फुगवटा मात्र राहतो, तो नंतर इक्वलायझरने कापायचा. हे कागदावरचं झालं. खऱ्या खोलीत दारं, खिडक्या, कपाटं असतात, म्हणून ऐकूनच ठरवायचं.

त्याची एक जुनी, हमखास रीत आहे. सब उचलून सोफ्यावर, जिथे आपलं डोकं येतं तिथे ठेवा. त्यावर ३० ते ८० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेक करून लावा. असे सूर फुकट मिळतात. चढत-उतरत जाणारी बेस गिटार असलेलं गाणंही चालेल. आता जिथे सब ठेवणं घरात शक्य आहे अशा प्रत्येक जागी जमिनीजवळ कान नेऊन ऐका. जिथे सगळे सूर त्यातल्या त्यात सारखे ऐकू येतात, ती सबची जागा. सबची आणि ऐकणाऱ्याची जागा अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, म्हणून ही रीत चालते. सर्वांत जोरात ऐकू येणारी जागा निवडण्याचा मोह होतो, तो टाळा. सारखेपणा शोधायचा आहे, जोर नंतर नॉबने मिळतो.

यापुढे जाऊन मोजायचं असेल तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे फुकट सॉफ्टवेअर आणि कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक घ्या. आलेखात फुगवटे-खड्डे डोळ्यांना दिसतात आणि जागा फूटभर बदलल्यावर काय झालं ते लगेच कळतं.

सोफ्यावरच्या प्रत्येकाला सारखा बेस हवा असेल तर एका मोठ्या सबपेक्षा दोन मध्यम सब चांगले. एक टीव्हीच्या भिंतीच्या मध्याला, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्याला. दोन्ही टोकांकडून एकच आवाज आला की ३७.५ चा फुगवटा आपोआप दबतो. हरमन कंपनीतले टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावरचे दोन सब व्यवहारात जवळजवळ चार सबइतके समान ठरले होते. जागा आणि खर्च परवडत असेल तर या एका गोष्टीवर केलेला खर्च वाया जात नाही.

रिसीव्हरमधला बेसचा हिशेब

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून नीट पाहू. सिनेमाच्या ५.१ मधला ‘.१’ म्हणजे एलएफई, स्फोट-गडगडाटासाठी वेगळा ठेवलेला ट्रॅक. सबवूफर हा स्पीकर आहे, एलएफई हा ट्रॅक आहे. गाण्याच्या साध्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणात एलएफई नसतोच. मग गाण्यात सबला काय मिळतं? बाकीच्या स्पीकरचा जो खालचा भाग रिसीव्हर त्याच्याकडे वळवतो, तेवढंच. स्पीकर ‘लार्ज’ ठेवले तर रिसीव्हर काहीच वळवत नाही आणि गाण्यात सब गप्प बसतो. ‘प्युअर डायरेक्ट’सारख्या मोडमध्येही बऱ्याच रिसीव्हरवर हेच होतं, वर खोलीसाठी केलेली दुरुस्तीही बंद पडते.

म्हणून सगळे स्पीकर ‘स्मॉल’ करा, टॉवर असले तरी. हा शब्द आकाराबद्दल नाही, बेस सबकडे वळवण्याबद्दल आहे. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचं सगळं सबकडे जातं ती सीमा, ८० हर्ट्झ. ज्यांचा बेस १०० च्या खाली ढासळतो अशा छोट्या सॅटेलाइट स्पीकरला १२०. त्यापुढे गेलात तर आवाज सबच्या जागेवरून येतोय हे कळू लागतं. एलएफईचा लो-पास (त्या ट्रॅकची वरची सीमा) १२० वर. ‘एलएफई प्लस मेन’ असा पर्याय असेल तर तो घेऊ नका, तोच बेस दोन ठिकाणांहून वाजून घुमतो. आणि सबच्या पाठीवरचा क्रॉसओव्हर नॉब पूर्ण वर किंवा ‘एलएफई’वर, नाहीतर रिसीव्हर आणि सब दोघंही बेस कापतात आणि ८० च्या आसपास भोक पडतं.

आता आपोआप कॅलिब्रेशन चालवा, म्हणजे रिसीव्हर सोबतच्या माइकने स्पीकर मोजून सेटिंग स्वतः ठरवतो. माइक कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला. सोफ्याच्या गादीवर किंवा पाठीवर ठेवला तर मापं चुकतात. पंखा, एसी, फ्रिज बंद. सबचा गेन (आवाजाचा) नॉब मध्यावर ठेवून सुरुवात करा. झाल्यावर तीन गोष्टी तपासा. स्पीकर परत ‘लार्ज’ केलेत का. केले असतील तर ‘स्मॉल’ आणि ८०. सबचं अंतर मोजपट्टीपेक्षा जास्त दाखवलंय का. ते तसंच राहू द्या, सबच्या आतल्या प्रक्रियेला लागणारा वेळ रिसीव्हर अंतराच्या रूपात धरतो. सबची पातळी उणे १२ डेसिबलला, म्हणजे खालच्या टोकाला, टेकलीय का; टेकली असेल तर सबवरचा गेन कमी करून पुन्हा चालवा. नाहीतर रात्री हळू आवाजात सबला सिग्नल इतका बारीक मिळतो की त्याचा ‘ऑटो’ मोड त्याला झोपवून टाकतो, आणि सब मध्येच बंद पडतो ही तक्रार सुरू होते.

कॅलिब्रेशन नसलेल्या रिसीव्हरवर हाताने करा. आतला चाचणी-आवाज लावा, आवाज मोजायचा मीटर ‘सी’ वेटिंग (बेस फारसा न वगळणारी मोजणी) आणि ‘स्लो’वर, सोफ्यावर प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबल. फोनचं ॲप वरच्या स्पीकरांना चालतं, सबच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका, फोनच्या माइकला खालचे सूर नीट कळत नाहीत.

फेज, म्हणजे सब आणि स्पीकरच्या लहरी एकाच वेळी वर-खाली होतात का, ते शेवटी. ८० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १४ फूट, म्हणून सब पुढच्या स्पीकरपेक्षा सात फूट लांब किंवा जवळ असेल तर दोघं एकमेकांना खोडू शकतात. ८० हर्ट्झचा सूर पुढच्या स्पीकरमधून आणि सबमधून एकत्र वाजवा, सोफ्यावर बसा आणि दुसऱ्या कुणाला सबवरचा फेजचा स्विच ० आणि १८० मध्ये फिरवायला सांगा. जिथे सूर जास्त भरीव, ते बरोबर. गाण्यावर पडताळायचं तर काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाची मैफल लावा. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ सूर ६९ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सबच्या हद्दीत. त्याच तारेचे वरचे सगळे स्वरांश पुढच्या स्पीकरमध्ये. तार एकच, एकाच जागी वाजतेय असं वाटलं तर जोड जमला. खालचा सूर मागे रेंगाळतोय किंवा कोपऱ्यातून येतोय असं वाटलं तर फेज आणि सबची पातळी पुन्हा पाहा.

सिनेमासाठी बऱ्याच जणांना सब तीन-चार डेसिबल जास्त आवडतो. ठेवा, पण गाणी ऐकताना खाली आणा. शास्त्रीय गाण्यात सब चालू आहे हे कळताच कामा नये. बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटलं पाहिजे.

शेजारी, गुणगुण, पाऊस

निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल, दिवसा ५५. पण ही मोजणी ‘ए’ वेटिंगने (कानाप्रमाणे खालचे सूर कमी धरणाऱ्या मोजणीने) होते आणि ते ५० हर्ट्झचा आवाज तब्बल ३० डेसिबलने कमी धरतं. म्हणून मीटरवर काही दिसलं नाही तरी खालच्या मजल्यावरच्या बाळाची झोप मोडू शकते. सबखाली जाड रबर किंवा फोमचा पॅड ठेवल्याने लादीतून जाणारी थरथर कमी होते. हवेतून स्लॅबला बसणारा धक्का पॅडने थांबत नाही. रात्री रिसीव्हरचा नाइट मोड लावा, त्याने मोठे आवाज दबतात आणि संवाद वर येतात. सबची पातळी सहा डेसिबल खाली घ्या. शेजाऱ्यांशी एकदा बोलून, त्यांच्या घरात उभं राहून ऐकणं हे कुठल्याही पॅडपेक्षा उपयोगी.

सबमधून सतत गुणगुण येत असेल तर सगळ्या तारा काढा आणि एकेक लावत जा. बहुतेकदा सेट-टॉप बॉक्सची केबल टीव्हीला लावली की ती सुरू होते. केबलच्या वाटेने येणारी वेगळी अर्थिंगची जोडणी हे कारण. त्या केबलवर आयसोलेटर लावा आणि टीव्ही, रिसीव्हर, सब एकाच भिंतीच्या सॉकेटवरून चालवा. गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. तीच पिन शॉक लागण्यापासून वाचवते.

कोकण, गोवा, मुंबईच्या दमट हवेत वूफरच्या कडेचा फोम काही वर्षांत चिकट होऊन भुगा होतो, म्हणून घेताना रबराची कड असलेला स्पीकर पाहा. जुना, वापरलेला स्पीकर घेताना जाळी काढून कडेला बोट लावून बघाच. पावसाळ्याआधी वायरची हिरवी पडलेली टोकं कापून नवीन सोला. वळवाच्या विजा सुरू झाल्या की प्लगसोबत केबलही काढा. रिसीव्हरच्या वर किमान चार इंच मोकळी हवा हवी, बंद काचेच्या कप्प्यात तो तापून मध्येच बंद होतो.

आणि सगळं जमल्यावर २० ते १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर मध्यम आवाजात लावून हॉलभर फिरा. पीओपी छतातले दिवे, शोकेसची काच, एसीची जाळी, भिंतीवरची फ्रेम, सरकत्या दाराचा रूळ यांतलं काहीतरी खडखडेलच. फ्रेममागे फेल्टचे तुकडे, काचेच्या कडेला पारदर्शक रबरी ठिपके, दिव्याच्या स्प्रिंगला इन्सुलेशन टेप. सब फाटतोय असं वाटणारा आवाज कित्येकदा या फ्रेमचाच असतो, म्हणून सब दुरुस्तीला नेण्याआधी हा फेरफटका मारा.